सगळं ठीक, ओव्हर

नेव्हिल टिबल्सच्या तोंडून ते वाक्य निसटलं तेव्हा सभेत चहा अजून यायचा होता. चहा वेळेवर आला असता तर त्याच्या तोंडात बिस्किट असतं आणि पुढचा सगळा घोटाळा टळला असता. पण सभागृहाची किटली बिघडली होती, आणि किनारा-स्वच्छता समितीचा अध्यक्ष रेक्स पिनिंग्टन वर्षभराच्या कामगिरीबद्दल स्वतःचीच पाठ थोपटत होता. किती पोती कचरा गोळा झाला, किती माणसं आली, त्यांच्यासाठी किती सॉसेज भाजले गेले. सॉसेजपर्यंत नेव्हिलने सहन केलं. मग तो उभा राहिला.

"आपण किनारा साफ करतो म्हणजे काय करतो?" तो म्हणाला. "जिथे गाडी लावायला जागा आहे तेवढाच साफ करतो. भूशिराच्या पलीकडे रस्ता नाही, म्हणून तिकडे कचराही नाही, असं आपलं धोरण आहे!"

वाक्य चांगलं होतं, याबद्दल दुमत नाही. नेव्हिलची उभी हयात नगरपालिकेच्या पाणी खात्यात गेली होती, आणि अशी वाक्यं त्याने तिथे मनातल्या मनात शेकड्यांनी रचली होती. प्रत्यक्ष बाहेर पडलेलं हे पहिलंच. त्यामुळे बाहेर पडलेल्या वाक्याचं पुढे काय होतं याचा त्याला अनुभव नव्हता.

रेक्स शांतपणे म्हणाला, "खरं आहे तुझं. होबार्टचे संशोधक कधीचे मागे लागलेत, त्या बाजूच्या कचऱ्याची मोजदाद करून द्या म्हणून. पण तिकडच्या पुळणींवर कयाकशिवाय उतरता येत नाही. तुझ्याकडे कयाक आहे ना रे, नेव्हिल?"

कयाक होती. पाठीच्या दुखण्यावर डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून घेतलेली, पिवळीधमक, लांबलचक, एकट्याने वल्हवायची होडी. ती पाण्यापेक्षा गाडीच्या टपावरच जास्त फिरली होती, आणि ते सगळ्या गावाने पाहिलेलं असल्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. ठराव एकमताने पास झाला. विरोधात एकच हात वर गेला होता, तो नेव्हिलचा. पण तो त्याने डोकं खाजवायला नेला असं धरण्यात आलं.

बातमी त्याच्या आधी घरी पोचली होती. त्याची बायको ग्लेनिस ओट्याशी भोपळा चिरत उभी होती. तिने मान वर केली नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. टास्मानियाच्या या टोकाला, जिथे पुढे दक्षिणेला बर्फाशिवाय काही नाही, तिथे संध्याकाळी सहा वाजता कुणी कुणाला फोन करत नाही. सहा वाजता टेकडीवरची बेरिल फॅझकर्ली रेडिओवर हवामान वाचते आणि मग समुद्रात असलेल्या एकेका बोटीला नावाने हाक मारते. बोटीने सांगायचं, आम्ही अमुक ठिकाणी आहोत, इतकी माणसं आहोत, सगळं ठीक, ओव्हर. अख्खं गाव स्वयंपाक करता करता हे ऐकतं. हाकेला उत्तर आलं नाही तर बेरिल पुन्हा हाक मारते. तरीही आलं नाही तर लोक चुली बंद करून धक्क्याकडे निघतात.

ग्लेनिस लहान असताना तिचे वडील भूशिराच्या पलीकडे शेवंडी धरायला गेले होते. एका संध्याकाळी त्यांच्या बोटीकडून उत्तर आलं नाही, आणि त्यानंतर कधीच आलं नाही. तिची आई ज्या रेडिओपुढे बसून होती तो अजून ग्लेनिसच्या फ्रिजवर आहे आणि रोज सहाला सुरू होतो. धक्क्यावर मात्र ग्लेनिस पुन्हा कधी गेली नाही. मासे आणायलाही नेव्हिलच जातो.

"रोज संध्याकाळी बोलशील?" तिने विचारलं.

"बोलेन की."

"रोज?"

"अगं, रोज म्हणजे रोज."

"मग जा," ती म्हणाली आणि चिरत राहिली. त्या दिवशी भोपळ्याचे इतके बारीक तुकडे झाले की सूप करायला उकळायची गरजच उरली नाही.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. कुंपणापलीकडचा मर्व्ह ओकफर्ड हा गावातला सर्वात अनुभवी माणूस; अनुभव कशाचा हे कुणी विचारलेलं नाही. तो कुंपणावर कोपर टेकून म्हणाला, "गड्या, शार्क आला तर घाबरायचं नाही. नाकावर एक ठेवून द्यायची."

"हाताने की वल्ह्याने?"

"ते त्या वेळी तो कुठल्या बाजूने येतोय त्यावर."

"आणि मागून आला तर?"

मर्व्हने बराच विचार केला. "मागून आला तर तुला कळणारच नाही. मग काळजी कशाची?"

नेव्हिलला शार्कची भीती नव्हतीच. त्याला भीती होती ती उलटं होण्याची. समुद्रातल्या कयाकमध्ये बसलं की कमरेभोवती एक रबरी घागरा घालतात आणि त्याची कड कयाकच्या तोंडावर गच्च बसवतात, म्हणजे पाणी आत येत नाही. उत्तम सोय. पण कयाक उलटली की माणूस डोकं खाली, पाय वर असा त्या घागऱ्यात अडकतो, आणि पाण्याखाली चाचपडत पुढची दोरी शोधून ओढावी लागते. धक्क्याच्या आतल्या उथळ पाण्यात नेव्हिलने हे एकदा करून पाहिलं होतं. दोरी सापडायला जितका वेळ लागला तितक्यात त्याला पाणी खात्यातले सगळे वरिष्ठ आठवून गेले होते. हे त्याने कुणालाही सांगितलेलं नव्हतं. ग्लेनिसला तर नाहीच.

तिघांपेक्षा कमी माणसांनी भूशिर ओलांडायचं नाही असा कयाकवाल्यांचा नियम आहे. नेव्हिलने या नियमावर मोठी भिस्त ठेवली होती. एवढं वेडं दुसरं कुणी निघणार नाही आणि मोहीम आपोआप बारगळेल. पण मर्व्ह लगेच तयार झाला. निर्जन किनाऱ्यावर फुकट चांगल्या वस्तू सापडतात अशी त्याची खात्री होती. आणि तिसरी आली नोएलीन. शाळेत व्यायाम शिकवून निवृत्त झालेली, हिवाळ्यातही रोज समुद्रात पोहणारी, आणि समोरच्या माणसाला पूर्ण नावाने हाक मारणारी. "नेव्हिल टिबल्स, खांदे मागे!" असं ती रस्त्यातही म्हणायची. तिने प्रवासासाठी फ्रूटकेक केला. तो पाहून मर्व्ह म्हणाला, नांगर वेगळा न्यायची गरज नाही. ही थट्टा आहे असं तेव्हा सगळ्यांना वाटलं.

मग परवानगी. राष्ट्रीय उद्यानाच्या कार्यालयातल्या मुलीने विचारलं, "कचरा नुसता बघणार की उचलणार?"

"फरक पडतो का?"

"नुसता बघायचा, मोजायचा, फोटो काढायचे, तर उतरण्याचा परवाना पुरे. उचलायचा असेल तर कचरा वाहून नेण्याचा परवाना लागतो. तो दुसरं खातं देतं. त्यांना वजन आधी कळवावं लागतं."

"उचलायच्या आधी वजन कसं कळवणार?"

"म्हणूनच कुणी अर्ज करत नाही," ती म्हणाली.

स्वतः कारकून असल्यामुळे नेव्हिलला या उत्तरातलं सौंदर्य कळलं. क्षणभर तो आपली काळजीही विसरला. मग मुलीने टेबलाखालून झाकणाची एक जाड प्लास्टिकची नळी काढून त्याच्यापुढे ठेवली. तिकडे शौचालय नाही आणि खणायला परवानगी नाही. तेव्हा जे काही होईल ते या नळीत घालून परत आणायचं. म्हणजे जगभरचा कचरा तिथेच सोडायचा आणि स्वतःचा तेवढा सांभाळून घरी आणायचा. नेव्हिलने नळी हातात घेतली आणि बाहेर पडताना ती कोटाखाली लपवायचा प्रयत्न केला. नळी कोटापेक्षा लांब होती.

निघण्याच्या आदल्या दिवशी बेरिलने विचारलं की हाक कुठल्या नावाने मारू. नेव्हिलने 'दक्षिण सर्वेक्षण पथक' असं नाव योजून ठेवलं होतं. पण तो सांगायच्या आत मर्व्हने तिन्ही कयाक पिवळ्या आहेत हे लक्षात घेऊन 'तीन केळी' असं लिहून टाकलं. बोटीवर केळं नेणं म्हणजे अपशकुन, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. रेक्सने तर स्वतः येऊन सांगितलं, "लेका, मी त्या बाजूला सापळे टाकून बसलोय. तुझी केळी माझ्यापासून लांब ठेव." एकदा लिहिलेलं नाव बदलता येत नाही, असं बेरिल म्हणाली.

ग्लेनिसने डबे भरून दिले, मोजे भरून दिले, दाराशी आली आणि तिथेच थांबली. त्या पंधरवड्यात ती रात्री नीट झोपलेली नव्हती. नेव्हिलने डोळे मिटूनही ते ओळखलं होतं, कारण तोही झोपलेला नव्हता. दोघंही एकमेकांची झोप मोडू नये म्हणून निपचित पडून राहायची. त्याला तिला काहीतरी सांगायचं होतं. "भोपळ्याचं सूप उरलंय ना?" असं तो म्हणाला.

पहिल्या दिवशी भूशिर ओलांडेपर्यंत समुद्र शांत होता. शांत समुद्राचा नेव्हिलला जास्तच त्रास झाला, कारण तो केव्हा बिघडेल याचा विचार करायला भरपूर वेळ मिळाला. लाट कयाक उचलायची आणि अलगद खाली ठेवायची. दर वेळी खाली ठेवेपर्यंत नेव्हिल श्वास रोखून धरायचा. दुपारपर्यंत त्याने इतके श्वास रोखले की गरगरायला लागलं. "नेव्हिल टिबल्स, वल्हं मार, प्रार्थना नको!" नोएलीन पुढून ओरडली.

पुळणीवर उतरताना शेवटच्या लाटेने त्याला आडवं केलं. पाणी गुडघाभरच होतं, पण तो उलटा होता, आणि गुडघाभर पाण्यात उलटं होणं हेही उलटं होणंच. दोरी सापडली तोवर नाकातोंडात वाळू गेली होती, डावा बूट गेला होता आणि फ्रूटकेकचा डबा समुद्राकडे निघाला होता. केक मात्र बुडाला आणि तिथेच राहिला, म्हणून सापडला.

सहा वाजता बेरिलचा आवाज आला. "तीन केळी, तीन केळी, ऐकताय का?" पाठीमागून कुठल्याशा बोटीवरचं हसूही आलं.

नेव्हिल एका पायात बूट घालून, थरथरत, रेडिओ तोंडाशी धरून उभा होता. त्याला वाटलं, खरं सांगून टाकावं. पण रेक्स ऐकत होता, गाव ऐकत होतं, आणि फ्रिजवरचा रेडिओ ऐकत होता.

"पुळणीवर पोचलो. तीन माणसं. सगळं ठीक, ओव्हर," तो भारदस्त आवाजात म्हणाला.

दुसरा दिवस मोजणीचा. कचरा होता, आणि इतका होता की नेव्हिलचं वाक्य पुरेपूर खरं ठरलं. खडकांच्या कपारीत निळ्या दोरांची वेटोळी, आमिषाच्या खोक्यांच्या पट्ट्या, मत्स्यशेतीचे तरंगते फ्लोट, अनोळखी लिपीतल्या बाटल्या, एक संडासाची बैठक. वाळू मुठीत घेतली तर निम्मी वाळू आणि निम्मी रंगीत चुरी. नेव्हिलला आनंद व्हायला हवा होता. पण वर पाहिलं की किनारा पुढे वाकत वाकत धुक्यात जायचा, तिथवर दोर आणि बाटल्याच दिसायच्या. एवढं सगळं मोजणार कोण? आणि मोजून सांगितलं तरी उचलणार कोण?

त्यात मर्व्हशी भांडण. मर्व्हला एक सुरेख, अखंड घडीची खुर्ची सापडली आणि ती मोजू द्यायला तो तयार नव्हता.

"हा कचरा नाही, ही खुर्ची आहे," तो तिच्यावर बसून म्हणाला.

"समुद्रातून आली की कचरा!"

"मग तूही समुद्रातूनच आलास काल. उलटा. तुला कुठल्या रकान्यात टाकू?"

"मर्व्हिन ओकफर्ड, खुर्ची सोड," नोएलीन म्हणाली. मर्व्हने खुर्ची सोडली, पण संध्याकाळपर्यंत तो नेव्हिलशी बोलला नाही.

दुपारी करावाँग पक्ष्यांनी तळावर धाड घातली. हे काळे, पिवळ्या डोळ्यांचे पक्षी चोचीने पिशवीची चेन उघडतात. इथल्या लहान मुलांपेक्षा लवकर शिकतात. त्यांनी नेव्हिलची पिशवी उघडून मोजे पांगवले, बिस्किटं खाल्ली, चष्म्याचं घर नेलं आणि रेडिओ ओढत झुडपापर्यंत नेऊन टाकला. फ्रूटकेकला त्यांनी चोच लावून पाहिली आणि सोडून दिला. तेव्हापासून नेव्हिल रेडिओ लाइफजॅकेटच्या छातीवरच्या खिशात ठेवायला लागला आणि त्यावरून पट्टा करकचून आवळायला लागला. रेडिओ गेला तर ग्लेनिसला काय वाटेल, एवढा एकच विचार त्याच्या डोक्यात होता.

त्या संध्याकाळीही त्याने "सगळं ठीक" म्हटलं. यावर बेरिल म्हणाली, "ग्लेनिसने फोन केला होता. ती विचारतेय, नक्की ना? ओव्हर."

गावासमोर बायकोने असं विचारावं, याने नेव्हिलचे कान तापले. "नक्की. सगळं अगदी ठीक. ओव्हर," तो तोडून म्हणाला. रेडिओ बंद केल्यावर त्याला फार वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारनंतर आकाश खाली आलं. नोएलीन पुढच्या टोकापर्यंत समुद्र बघायला म्हणून चालत गेली. तिच्याकडे दुसरा रेडिओ होता. नेव्हिल आणि मर्व्ह पावसाच्या भुरभुरीत एका खडकाच्या आडोशाला, रेडिओ सुरू करून सहाच्या हाकेची वाट बघत बसले. नेव्हिलने थंडीने अंग आवळून लाइफजॅकेटचा पट्टा आणखी एक घर ओढला आणि गुडघे छातीशी घेतले.

"चेहरा का असा?" मर्व्ह म्हणाला. खुर्चीचं भांडण तो विसरला होता. "पोटात दुखतंय?"

आणि नेव्हिलचा बांध फुटला.

"मला भीती वाटतेय, मर्व्ह. पहिल्या लाटेपासून वाटतेय. मला उलटं व्हायची भीती वाटते. रात्री झोपेतही मी ती दोरी शोधत असतो. कयाक मला कधीच आवडली नाही, मला नुसती तिच्यासकट गाडी चालवायला आवडते. सभेत मी कशाला बोललो? त्या रेक्सचं सॉसेजपुराण ऐकवेना म्हणून बोललो. हा सगळा निळा दोर त्याचाच असणार, आणि हा समितीचा अध्यक्ष! दोन रात्री मी नोएलीनचा केक खाल्ल्यासारखं करून वाळूत पुरतोय. आणि ती बेरिल! वादळाचा इशारा असा वाचते की जणू हॉटेलातल्या मेजवानीची यादी वाचतेय. माझं ढुंगण सोललंय, मर्व्ह. ती नळी भरत आलीय. माझा एक बूट गेलाय, दुसरा फाटलाय."

"मग घरी जाऊ या की."

"कसं जाऊ? रोज संध्याकाळी मी 'सगळं ठीक' म्हणतो. काय ठीक आहे? काहीही ठीक नाही! पण खरं सांगितलं तर गाव हसेल, आणि ग्लेनिस... तिचे वडील इथेच गेले. मी तिला सांगू की मी घाबरलोय? मला तिच्या स्वयंपाकघरात बसायचंय, मर्व्ह. बाकी काही नको. तिच्यासमोर बसून भोपळ्याचं सूप प्यायचंय."

मर्व्हने पावसाचं पाणी चेहऱ्यावरून पुसलं. मग म्हणाला, "खरं सांगू? शार्कच्या नाकाचं मी एका मासिकात वाचलं होतं." आणि त्यावर दोघंही बोलत सुटले. मर्व्हने आपले गुडघे सांगितले, नेव्हिलने आपली पाठ. नेव्हिलने पाणी खात्यातल्या साहेबांपासून सुरुवात करून आयुष्यात ज्याची ज्याची भीती वाटली ते सगळं सांगितलं. त्याला फार हलकं वाटायला लागलं. असं कधी कुणाशी बोललो नव्हतो, असंही तो म्हणाला.

तेवढ्यात पुळणीच्या टोकाकडून नोएलीन धावत येताना दिसली. ती दोन्ही हात हलवत होती.

"नेव्हिल टिबल्स! छातीवरचा पट्टा सैल कर! सैल कर तो पट्टा!"

त्याने दचकून पट्टा सोडला. खिशातला रेडिओ, ज्याचं बोलायचं बटण इतका वेळ पट्ट्याखाली दाबलेलं होतं, एकदा खरखरला आणि मोकळा झाला. नोएलीन समोर येऊन धापा टाकत उभी राहिली.

"किती ऐकू गेलं?" नेव्हिलने पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याने विचारलं.

"मधून मधून तो आपोआप बंद पडत होता," ती म्हणाली. "पण तू हललास की पुन्हा सुरू. वाळूत कुठे पुरलास केक?"

उत्तर द्यायची वेळ आली नाही, कारण रेडिओतून बेरिलचा आवाज आला. तिने शब्दन् शब्द सुटा करून वाचलं, "चॅनल मोकळा केल्याबद्दल तीन केळ्यांचे आभार. वादळाचा इशारा. हा इशारा मी मघापासून देऊ बघतेय. रात्री नैर्ऋत्येकडून जोराचा वारा, लाटा मोठ्या. मेजवानीसारखं वाटत असेल तर माफ करा. ओव्हर."

नेव्हिलने रेडिओ खिशातून बाहेर काढला. हे शब्द तिकडे ग्लेनिसही ऐकत असणार. नैर्ऋत्येचं वादळ, आणि नवरा भूशिराच्या पलीकडे. आत्तापर्यंत त्याला स्वतःसाठी भीती वाटत होती. आता तिच्यासाठी वाटायला लागली, आणि ही पहिलीपेक्षा वाईट होती.

मग दुसरा आवाज आला, घोगरा. "रेक्स बोलतोय. तुझं तोंड बंद करायला म्हणून मी मघाशीच तुझ्याकडे निघालो होतो. आता आलोच आहे तर घेऊन जातो. सामान बांधा. आणि माझे दोर नारिंगी आहेत. निळे माझे नाहीत. ओव्हर."

खरंच, टोकाला वळसा घालून रेक्सची बोट येत होती. बाकी कुणाला आपापल्या जागा सांगता येत नव्हत्या म्हणून वैतागलेल्या आणखी दोन बोटी तिच्या मागे होत्या. लाटा वाढायला लागल्या होत्या. खडकांपासून लांब उभ्या राहिलेल्या बोटीपर्यंत नेव्हिलला पुन्हा वल्हवत जावं लागलं, आणि ते अंतर त्याने डोळे जवळजवळ मिटूनच कापलं. उलटायचं असेल तर उलट, पण आज घरी पोचव, असं तो कयाकला मोठ्याने सांगत होता. या वेळी पट्टा सैल होता.

रेक्सने त्याला काखेत धरून वर ओढलं, घोंगडीत गुंडाळलं, आणि हातात चहा दिला. पूर्ण प्रवासात तो त्याच्याशी एकच वाक्य बोलला. "सॉसेज सगळ्यांना आवडतात," तो म्हणाला.

धक्क्यावर गाव लोटलं होतं. एरवी अशी गर्दी एखादी बोट आली नाही तरच होते. या वेळी ती आल्यामुळे झाली. कुणी नेव्हिलला त्याच्या पाठीसाठी मलम आणलं होतं, कुणी नळी ठेवायला बादली. बेरिल स्वतः टेकडीवरून घरातल्या सपाता घालून उतरली होती. नेव्हिलची नजर मात्र सगळ्यांच्या डोक्यांवरून रस्त्याकडे गेली.

"ग्लेनिस नाही आली," बेरिल म्हणाली. "घरी आहे."

"फार घाबरलीय का? वादळाचं ऐकून?"

"तेच तर मला कळत नाही. अरे, तू चॅनल अडवलास तेव्हा सगळ्या गावाने तिला फोन केले, नवऱ्याला गप्प कर म्हणून. मीही केला. म्हटलं, दुसऱ्या चॅनलवर नोएलीनला गाठते आणि बंद करायला लावते. तर म्हणाली, जरा थांब बेरिल. आत्ता नको. बोलू दे त्याला." बेरिलने त्याला आपादमस्तक पाहिलं. "म्हणून मी थांबले. वादळाचा इशारा हातात धरून थांबले. जा आता घरी."

घरात दिवा होता. ग्लेनिस फ्रिजशेजारच्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपली होती, मान एका बाजूला, तोंड किंचित उघडं. रेडिओ हळू खरखरत होता. कित्येक दिवसांनी ती अशी गाढ झोपलेली दिसत होती. नेव्हिल फाटक्या बुटानिशी दारात उभा राहिला. तिला उठवू नये असं त्याला वाटलं, पण त्याच्या अंगावरून पाणी ठिबकत होतं, त्या आवाजाने ती जागी झाली.

"आलास," ती म्हणाली.

"ग्लेनिस, मी जे काही बडबडलो..."

"सगळं ऐकलं. पाणी खात्यातल्या साहेबांपर्यंत." तिने डोळे चोळले. "तू झोपेत काहीतरी शोधतोस ते मला माहीतच होतं. माझा हात ओढतोस."

त्याने फाटका बूट काढून दाराशी ठेवला.

"बाबा रोज संध्याकाळी सगळं ठीक म्हणायचे," ती म्हणाली. "बोटीत पाणी येत होतं, इंजिन धड नव्हतं, ते नंतर कळलं. शेवटच्या संध्याकाळीही सगळं ठीकच म्हणाले होते. तू तेच, त्याच आवाजात म्हणायला लागलास, आणि मी दोन रात्री या खुर्चीत बसून काढल्या. आज तू रडगाणं लावलंस, ढुंगण सोललंय म्हणालास, तेव्हा मला वाटलं, जिवंत आहे. खरं बोलतोय म्हणजे जिवंत आहे. मग मला कधी झोप लागली कळलंच नाही." ती उठून त्याच्याजवळ आली आणि त्याच्या ओल्या बाहीला हात लावला. "कसा आहेस?"

नेव्हिलच्या तोंडाशी नेहमीचे शब्द आलेही. ते त्याने गिळले. मग खुर्चीच्या कडेवर सांभाळून, एका बाजूने टेकला.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "गुडघ्यापासून सुरू करतो. डावा गुडघा."

ग्लेनिसने हात वर करून रेडिओ बंद केला आणि दुसरी खुर्ची त्याच्यापुढे ओढून घेतली.